वजा बावीसचं बारसं

वजा बावीसवर बारशाची तयारी चालली होती आणि पाळण्यापासून दहा पावलांवर जावईबापू जमीन खरवडत बसले होते. खर्र, खर्र, खर्र. नऊ महिन्यांत त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की बायका फुगे बांधतानाही त्याच तालावर बोलत होत्या.

वजा बावीस म्हणजे जमिनीखालचा बाविसावा मजला, इमारतीचा तळ. वर चैत्रात बावन्न अंश ऊन पडायला लागलं, तेव्हा खाडीकाठच्या लोकांनी आपले टॉवर उलटे बांधले. इथे ऊन पोचत नव्हतं. पाणी मात्र पोचत होतं. चढलेल्या समुद्राने सगळी माती अशी भिजवून ठेवली होती, की ही घरं मातीत नव्हे, पाण्यातच उभी होती म्हणा ना.

त्या पाण्याला चाळीस वर्षं बाहेर ताटकळत ठेवलं ते ओवी घरतने. वॉटरप्रूफिंगवाली ओवीताई. शाळा दहावीपर्यंत, पुढचं शिक्षण भिंतींनी दिलं. कोरडा गुलाल तळहातावर घ्यायचा आणि भिंतीवर फुंकायचा. जिथे तो गडद होऊन चिकटेल तिथे ओल. मग त्या जागी सांधजीवांचा गिलावा. सांधजीव म्हणजे गिलाव्यात झोपवून ठेवलेले सूक्ष्म जीव. पाणी लागलं की ते जागे होतात, सोबत दिलेलं खाद्य खातात आणि चुनखडीचा दगड तयार करून भेग बुजवतात. पाणी थांबलं की पुन्हा झोपतात. "आमच्या ह्यांच्यापेक्षा शहाणे," ओवीताई म्हणायची. "काम झाल्यावर झोपतात."

आख्ख्या इमारतीत एकच गळती उरली होती. तळाच्या जमिनीत मुठीएवढं भोक होतं. त्यातून बारीक धार यायची आणि पंपाने वर जायची. लोक तिला झरा म्हणायचे, त्यातलं वाटीभर पाणी तुळशीला घालायचे. मूळ इंजिनियरांनी ते भोक मुद्दाम ठेवलं होतं, कारणही कागदावर लिहिलं होतं. पण तो कागद कोणत्या कपाटात होता ते कपाटालाच माहीत. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ हातात पडल्यावर ओवीताईला तो झरा डोळ्यांत खुपला. चाळीस वर्षांत हाताखालून थेंब सुटला नाही, आणि जाताना ही धार मागे सोडायची? तिने शाल कमरेला खोचली आणि सांधजीवांच्या गिलाव्याने झरा लिंपून टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आठवड्याने तिची लेक स्वरा म्हणाली, "आई, जमिनीवर ठेवलेलं लाटणं आपोआप भिंतीकडे घरंगळतं गं." पंधरा दिवसांत जमीन तव्यावरच्या भाकरीसारखी मधोमध फुगली आणि तिला पहिली चीर गेली.

तेव्हा सांधजीव तयार करणारे डॉक्टर तनय खांबेटे धावत खाली आले होते.

"ताई, रिकामं पातेलं बादलीतल्या पाण्यात दाबून धरलं तर काय होतं?"

"वर यायला बघतं."

"त्याला आम्ही उचल म्हणतो. बाहेरचं पाणी जितकं उंच, तितकी बुडाला खालून ढकल जास्त. आपलं पातेलं जड आहे, ते उठणार नाही. पण बूड फुटेल. त्या झऱ्यातून बुडाखालचं पाणी थोडं थोडं सुटत होतं, म्हणून तिथला दाब आवाक्यात होता. आणि तुम्ही..."

"थांबलात का? म्हणा ना, मी बूड फोडलं."

"तुम्ही भोक बुजवलंत, ताई."

"तेच की हो ते!"

भोक पुन्हा पाडलं. सांधजीवांनी ते सहा तासांत बुजवलं. लोखंडी नळी घातली, तर नळीच्या आतून दगड धरला. विष घालावं, तर ते भिंतींभर पसरणार, आणि रोज नव्याने पडणाऱ्या भेगा मग कोण सांधणार? शेवटी उरली छिन्नी. तळावरच्या एकतीस घरांनी खरवडण्याच्या पाळ्यांची वही केली. बाळ जन्मलं की बारशाच्या दिवशी त्याचंही नाव वहीत चढायचं, पाळी सोळा वर्षं पुरी झाल्यावर. वहीत नाव नाही, त्याला तळावर जागा नाही. आणि बाकी सगळे मजले माणसांनी गच्च भरलेले, म्हणजे जागा नाही त्याने वर उन्हात जायचं.

आज नात बारा दिवसांची झाली होती. डॉक्टर आले, पण पाळण्याकडे गेले नाहीत. त्यांनी ओवीताईला पंपाच्या खोलीत बोलावलं.

"खरवडल्यावर भोक किती वेळ उघडं राहतं?"

"चाळीस मिनिटं. पण छिन्नी थांबवायला आता छाती होत नाही कुणाची."

"नऊ महिन्यांपूर्वी सहा तास होते. आपण प्रत्येक वेळी खरवडतो, तेव्हा जे चिवट असतात तेच मागे राहतात. त्यांची पिलावळ आणखी चपळ. दर तीन महिन्यांनी वेळ निम्मा होतोय."

ओवीताईने बोटांवर हिशेब केला. बोटांना चुन्याने भेगा पडल्या होत्या; त्या कोणी सांधल्या नव्हत्या. "म्हणजे पोरीच्या पहिल्या वाढदिवसाला?"

"अडीच मिनिटं."

"दुसऱ्या?"

"दहा सेकंद. पण तोवर जमीन टिकणारच नाही, ताई. एकच उपाय आहे. हा मजला रिकामा करून पाण्याने भरायचा. आतलं पाणी वरून दाबेल, बाहेरचं खालून. समसमान. वरचे चार हजार लोक वाचतील. कमिटीला आजच सांगतो."

"आणि ही एकतीस घरं?"

"वर," डॉक्टर पंपाकडे बघत म्हणाले.

"बारा दिवसांचं लेकरू आहे. बावन्न अंशांत किती तास काढेल? तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा."

"ताई..."

"श्रावणापर्यंत गप्प बसा. श्रावणात वर ऊन उतरतं. तोवर पोरगी मान धरेल, चार महिन्यांची होईल. तोवर मी पाळ्या दुप्पट करते. माझ्या तर रोजच्या लावा."

"मध्ये एकदा जरी चुकलं, तर चार हजार माणसं. कळतंय ना?"

"कळतंय," ओवीताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने गळती दिसत असून ती झाकली होती. "घुगऱ्या खाऊन जा."

बाहेर बायकांचा गलका उसळला होता. जावयाची बहीण बाळाच्या कानाशी वाकली आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. "हळू गं, नाव पोटात जाईल माझ्या!" ती ओरडली. नाव ऐकायला म्हणून जावईबापूंनी क्षणभर छिन्नी थांबवली.

"कुर्रर्र... इरा!"

बाळ किंचाळून रडायला लागलं. घेतलं, झुलवलं, स्वराने पदराखाली धरलं, राहीना. "भूक नाही, ओलं नाही, मग झालंय तरी काय हिला?" बायका म्हणाल्या.

ओवीताईला कळलं होतं. पोटात असल्यापासून पोरीने ऐकलेला एकच आवाज बंद पडला होता.

"अहो जावईबापू, चालू करा," ती म्हणाली.

खर्र, खर्र, खर्र. इराने डोळे मिटले.

डॉक्टर दाराशी घुगऱ्यांची वाटी धरून उभे होते. त्यांनी एक दाणाही तोंडात टाकला नव्हता, आणि कोणाला काही सांगितलंही नव्हतं. ओवीताईने वही उघडली. शेवटच्या नावाखाली, ओळ वाकडी होऊ न देता, तिने लिहिलं: इरा. पुढच्या रकान्यात तिची पाळी सुरू होण्याचं साल घातलं, सोळा वर्षांनंतरचं. शाई वाळेपर्यंत ती त्यावर हळूहळू फुंकत राहिली, जशी आयुष्यभर भिंतीवर गुलाल फुंकत आली होती.