तुझ्या मागे

"तुझ्या मागे... मागे बघ..."

तीनशे पोरं एका सुरात ओरडत होती.

स्केलबी गावच्या चर्च हॉलमध्ये नाताळच्या विनोदी नाटकाचा शनिवारचा दुपारचा खेळ ऐन रंगात होता. भुताचा प्रसंग चालला होता. रंगमंचाच्या कडेला बाकावर जाडजूड विधवा एकटीच बसलेली. ही भूमिका दर नाताळात एखादा पुरुषच गाऊन घालून करतो. यंदा सोळा वर्षांचा रोरी थ्वेट करत होता. मागून चादर पांघरलेलं भूत येणार, पोरं ओरडणार, आणि विधवा नेमकी भलतीकडे बघणार. ठरलेलंच होतं ते.

म्हणून पोरं घसा फोडून ओरडली तरी रोरी वळला नाही.

भुतानं त्याला दोन्ही हातांनी ढकललं. तो चार फूट खाली, पियानोच्या कडेवर खांदा आपटून उताणा पडला. पोरं आधी हसली. मग रोरी उठेना, तशी गप्प झाली.

हिल्डा क्रॅब्ट्री धावत आली. ती निवृत्त नर्स. मुलांच्या नाटकाला कायद्यानं एक सांभाळणारी बाई लागते, ते काम तिचं. त्या वेळी ती मागच्या बोळात पऱ्या झालेल्या धाकट्या मुली मोजत होती.

"खांद्याचं हाड मोडलंय," ती म्हणाली. "कुणी हलवू नका."

उताण्या पडलेल्या रोरीवर तिनं आपला कोट पांघरला. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी त्याला तसंच उचलून नेलं. जाताना तो पुटपुटला, "फेनविक सर रागावले का, आंटी?"

खेळ थांबला. सहाच्या खेळाची तिकिटं केव्हाच संपली होती.

हिल्डानं भुताला, तेरा वर्षांच्या पिपाला, स्वयंपाकघरात बसवलं. पिपानं चहाचा कप तसाच बाजूला ठेवला.

"मी नव्हते, आंटी. मी उजवीकडे उभी होते, चादर घालून. माझी वेळ यायची होती, तेवढ्यात डावीकडून दुसरंच भूत आलं."

"तुझ्याबरोबर कोण होतं?"

"गाय."

गाय म्हणजे एका पोशाखात दोघं. पुढचे पाय मेझीचे, मागचे गॅरेथचे. डाव्या विंगेत, राक्षसाच्या कागदी पायामागे, दुसरी चादर बोळा करून कोंबलेली सापडली.

गॅरेथचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. सतरा वर्षांचा हा मुलगा आधीची दोन वर्षं विधवा करायचा. यंदा ती रोरीला मिळाली आणि गॅरेथच्या वाट्याला गाईचं ढुंगण आलं.

"रोरीचा राग येतो तुला?" हिल्डानं विचारलं.

"येतो."

"किती?"

त्यानं मान खाली घातली. "तो पडला तेव्हा क्षणभर बरं वाटलं मला. आता त्याचीच लाज वाटते."

"होतास कुठे?"

"गाईत. मेझीची कंबर धरून. पाठीवरची चेन पिपानं लावली होती. आतून ती उघडतच नाही."

दिग्दर्शक लायनेल फेनविक दारात उभा होता. स्केलबीची विधवा वीस वर्षं त्यानंच केली होती. मग मंडळानं ठरवलं की सगळ्या भूमिका मुलांनीच करायच्या.

"मेझी त्याची मैत्रीण," तो म्हणाला. "उद्या तो चंद्रावर होता असंही सांगेल. आणि पिपाला काय, कुणीही पढवेल."

"तुम्ही कुठे होतात, लायनेल?"

"हॉलच्या टोकाला, चहाच्या खिडकीशी. सगळं तिथूनच पाहिलं."

हिल्डा हॉलमध्ये गेली. पहिल्या रांगेत पाच वर्षांची ईडी आईच्या मांडीवर हुंदके देत होती. आम्ही ओरडलो तरी त्यानं ऐकलं नाही, एवढंच ती परतपरत सांगत होती.

"तुम्ही बरोबर ओरडलात, राणी. भूत पळालं कसं, ते दाखवतेस?"

ईडी खाली उतरली. तिनं फ्रॉक दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून वर उचलला आणि चवड्यांवर तुरुतुरु पळाली.

"आमची आजी जिन्यावर करते ना, तसं."

हिल्डा परतली. लायनेल तिला बोळातच भेटला.

"पोलिसांना गॅरेथचं नाव सांग आणि मोकळी हो, हिल्डा. बिचारा रोरी. पाठीला दोन लाल पिनांनी आवळलेला तो गाऊन, हात तरी कसे पसरणार पडताना?"

हिल्डा त्याला ओलांडून ऑफिसात गेली. मग तिनं आधी पोलिसांना फोन केला आणि नंतर सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"भुतानं पळताना चादर चिमटीत धरून उचलली," ती म्हणाली. "पिपा चादरीत अडखळते, उचलत नाही. ही सवय विधवेच्या लांब गाऊनात वावरलेल्या माणसाची. असे इथे तिघंच. रोरी पडला. गॅरेथ चेनबंद गाईत होता."

"हे कुणाचं म्हणणं? मुलांचं," लायनेल म्हणाला.

"त्यांच्यावर विश्वास ठेवू नका, चालेल. तुमच्या शब्दावर ठेवू या. भुताच्या प्रसंगाआधी रोरीच्या गाऊनची शिवण उसवली, ती मी मागच्या बोळात पिनांनी टाचली, तेव्हा तिथे पऱ्यांखेरीज कुणी नव्हतं. दोन पिना, लाल. तिथून तो थेट रंगमंचावर गेला. प्रेक्षकांकडे त्यानं एकदाही पाठ केली नाही. पडला तो उताणा, गेलाही उताणा. चहाच्या खिडकीपासून त्या पिना दिसायच्या नाहीत, लायनेल. त्या दिसणार त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला."

मेझीनं गॅरेथचा हात धरला.

लायनेल स्टुलावर बसला.

"काल मिसेस डॉबसन मला म्हणाली, 'पोरगा तुझ्यापेक्षा सरस आहे हो.' बावीस वर्षं ती पहिल्या रांगेत बसते. त्यानं केलं काय? चाल माझी, मुरकणं माझं, वाक्याआधी थांबणं माझं. हशा मात्र त्याचा."

"तुम्हीच तर शिकवलंत त्याला."

"शिकवलं होतं. दिलं नव्हतं." तो हातांकडे बघत म्हणाला, "हाड मोडायचं नव्हतं मनात. फजिती व्हावी, एवढंच."

"जाताना तो विचारत होता, सर रागावले का."



साडेपाचला हिल्डानं विधवेचा दुसरा, जादाचा गाऊन गॅरेथसमोर धरला. विधवेचे संवाद येणारा तोच एक उरला होता.

"मला हवा होता तो, आंटी," गॅरेथ म्हणाला. "पण असा नाही."

"माहीत आहे. बाहेर पोरं बसलीत. हात वर कर."

कॉन्स्टेबल बर्फामुळे सहा वाजून गेल्यावर पोचला. ऑफिसात तो लायनेलचा जबाब लिहून घेऊ लागला. पलीकडे खेळ सुरू झाला होता. विधवेचं पहिलं वाक्य भिंतीतून अस्पष्ट आलं आणि लगेच सगळा हॉल हसला. छताचे पत्रे दणाणले.

लायनेलनं बोलणं तोडलं. मान कलती करून तो ऐकत राहिला.

"घाई केली त्यानं," तो म्हणाला. "तिथं अजून थांबायला हवं होतं."

कॉन्स्टेबलनं विचारलं, "हेही लिहू का?"

पलीकडे पुन्हा हशा उसळला, आधीपेक्षा मोठा. लायनेलनं दोन्ही कानांवर हात ठेवले.