मॅडिसनबाई हरवल्या!

"खिसे उलटे कर, अनुया."

आजोबा ओरडले नव्हते, म्हणूनच तिला जास्त लागलं. तिने जॅकेटचे खिसे बाहेर काढले. बसचं तिकीट आणि अर्धी तिळाची वडी!

"मी नाही घेतलं, आजोबा!"

शशिधर आजोबा ब्रिस्टलमधले निवृत्त डॉक्टर. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींची ब्रॉन्झची पदकं जमवायचा त्यांना छंद. पदकांच्या डब्याला हात लावायची परवानगी एकट्या अनुयाला होती. आणि आता त्यातल्या मॅडिसनबाई गायब! ब्रिटिश सैन्य व्हाइट हाउस जाळायला आलं, तेव्हा या बाईंनी तिथलं मोठं चित्र वाचवलं होतं. पदकाच्या मागच्या बाजूला तोच प्रसंग कोरलेला होता.

समोर नीना मावशी चहा गाळत होती. अनुयाची सर्वांत लाडकी मावशी! पण तिने मान वर केली नाही.

"आजपासून डबा कपाटात, कुलपात," आजोबा म्हणाले.

हाफ टर्मच्या सुट्टीच्या पहिल्याच दिवशी हे! अनुया जिन्यावर जाऊन बसली. तेवढ्यात मावशीचा मुलगा नील एक चकचकीत नाणं नाचवत आला.

"अनु, बघ ना! शनिवारच्या हळदीकुंकवाचं वाण. लक्ष्मी कॉइन! ड्रॉवरमध्ये होता."

"मग?"

"आईने तेराच मागवले. तेरा आंटी आल्या. सगळ्यांना पाउच मिळाला. मग हा उरला कसा?"

अनुया ताडकन उठली. "एका पाउचमध्ये दुसरंच काहीतरी गेलंय!"

"प्रेसिडेंटची बायको? वाणात?" नील खो खो हसला.

आजोबांच्या फोनवरून तिने मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप धाडला: 'वाणाच्या नाण्याचा फोटो पाठवा! उत्तम फोटोला बक्षीस!'

दुपारपर्यंत बारा लक्ष्म्या आल्या. तेरावा फोटो कार्डिफच्या मालविकाकाकूंचा. देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी, हळदीकुंकू लावलेल्या मॅडिसनबाई!

अनुयाने लगेच फोन लावला.

"अगं, ही कुठली देवी, म्हणून मी रविवारीच नीनाला विचारलं," काकू म्हणाल्या. "पाउच भरताना बाबांचं पदक टेबलावरून चुकून गेलं, म्हणाली. बाबा रागावतील, इतक्यात बोलू नकोस, म्हणाली."

रविवारी! आणि आज सोमवार.

अनुया स्वयंपाकघरात गेली. "तुला माहीत होतं. मी खिसे उलटे करत होते, आणि तू चहा गाळत होतीस."

"मी गुपचूप परत आणणारच होते गं..."

"तोवर मी चोर?"



संध्याकाळी काकूंनी पदक आणून दिलं. "शाबास! मी डॉक्टर असून तपासाआधीच निदान केलं," आजोबा म्हणाले. "चुकलो, बाळ." त्यांनी कपाटाची किल्ली तिच्या हातात ठेवली.

मावशी हळूच जवळ आली. "मला दाखवशील?"

अनुयाने कपाटातला डबा काढून छातीशी धरला.

"आधी खिसे दाखव, मावशी."

नील हसायला गेला आणि थांबला. मावशीने मुकाट्याने कार्डिगनचे दोन्ही खिसे उलटे केले.