हेल्मेटमधली शेपटीवाली अक्षरं

कालपर्यंत घडाघडा वाचता येणाऱ्या सूचना आज का वाचता येईनात, हे कोडं काही केल्या शाल्मलीला सुटेना.

चंद्रावरच्या वसाहतीत नियम कडक होता. हेल्मेटच्या काचेवर उमटणाऱ्या सूचना प्रत्येकाने स्वतः वाचून दाखवायच्या, तरच बाहेरचं दार उघडणार. बाहेर रेडिओ बंद पडला, तर त्याच सूचना जीव वाचवणार ना! दारापलीकडे, दुर्बिणीच्या तळावर, शाल्मलीचा बाबा वाट बघत होता. कितीतरी महिन्यांनी तो भेटणार होता.

रांगेत तिच्या पुढे उभ्या असलेल्या पुष्करने सूचना फाडफाड म्हणून टाकल्या. आता तिची पाळी. अक्षरं उमटली. प्रत्येक अक्षराला झुपकेदार शेपूट, मात्रांवर फुलं, शब्दाला शब्द चिकटलेला. तिची नजर पहिल्याच फुलावर अडकली.

"वाच ना गं," परीक्षा घेणारी वसुधाआत्या म्हणाली. आत्या वसाहतीची शास्त्रज्ञ.

"काल येत होतं, आत्या. शप्पथ!" शाल्मली हातमोज्याचं बटण काढ-घाल करू लागली. फार घाबरली की ती असंच करायची. "माझं डोकं बिघडलंय का?"

आत्याने तिच्या काचेत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "डोकं आमचं बिघडलंय! वसाहतीच्या वाढदिवसासाठी आम्ही नवा फॉन्ट (अक्षरांचं ठरावीक वळण) बसवला. बैठकीत भिंतीवर मोठ्ठं 'स्वागतम्' पाहिलं आणि सगळे खूश. हेल्मेट घालून कुणी वाचलंच नाही."

बाहेर तळाकडे जाणाऱ्या गाडीचा दिवा लुकलुकू लागला. निघायची वेळ झाली होती.

"तू स्वमग्न (मेंदूची जडणघडण जरा निराळी असलेली) आहेस," आत्या दाराशेजारच्या पडद्यावर भराभर बोटं चालवत म्हणाली. "बारीकसारीक गोष्टी तुला आधी दिसतात. मागे खिडकीच्या काचेचा तडा तूच नव्हता का शोधलास? इथे फुलं आधी दिसतात आणि शब्द मागे राहतो. त्यात ही दाटी! शेजारचे आकार फार जवळ आले की मधला हरवतो. तसं सगळ्यांचंच होतं, कुणाचं कमी, कुणाचं जास्त."

आत्याने शेपट्या आणि फुलं काढून टाकली. "आता?"

"थोडं बरं."

अक्षरांत, ओळींत जागा सोडली.

"अजून बरं. पण अक्षरांमागचा पांढरा रंग टोचतोय."

काच सायीच्या रंगाची झाली. शाल्मलीने श्वास घेतला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढलं. सगळ्यांचं वाचून झालं, तसं दार सरकलं.

"म्हणजे सगळ्यांना असंच हवं?"

"छे! प्रत्येकाला निराळं. म्हणून आधी विचारायचं असतं."

इतक्यात पुष्करने तिची बाही ओढली. त्याचा चेहरा उतरला होता. "मी वाचलं नव्हतं," तो पुटपुटला. "पुढच्याचं ऐकून म्हटलं. मला यातलं काहीच दिसत नाही."

दार उघडं होतं. पलीकडे बाबा होता. शाल्मलीला क्षणभर रडूच आलं, पण ती मागे फिरली.

"आत्या, गाडी थांबव," ती म्हणाली. मग पुष्करच्या काचेवर बोट ठेवून तिने विचारलं, "सांग, तुला काय टोचतंय?"