गेरूवाडीचं खापरमत

मंगळावरच्या गेरूवाडीत माणसं तीनशे बारा आणि मंडळं सतरा. या सगळ्यांवर अठरा वर्षं एकच व्यवस्थापक, पृथ्वीवरून नेमलेले त्र्यंबकराव उपासनी. त्यांच्या सहीशिवाय नळाचा वायसरसुद्धा बदलत नसे, आणि याचा त्यांना मनापासून अभिमान होता. आता पृथ्वीने कळवलं होतं की तुमचा कारभार तुम्हीच ठरवा. वस्तीपुढे दोन जुने नमुने होते, चीनचा आणि अथेन्सचा. संध्याकाळी पाचच्या सभेत हात वर करून निवड व्हायची होती. त्र्यंबकरावांना एवढंच हवं होतं, की आपली खुर्ची शाबूत राहावी.

म्हणून भर दुपारी ते पत्नी कुमुदताईंना घेऊन डॉ. निलोफर मुकादम यांच्या प्रयोगशाळेत येऊन बसले होते.

"प्रतिवस्ती म्हणजे यंत्रात वसवलेली दुसरी गेरूवाडी," निलोफर म्हणाल्या. "आपल्या मनगटपट्ट्यांनी अठरा वर्षं आपलं बोलणं, नाडी, झोप, सगळं टिपलंय. त्यावरून प्रत्येकाचं प्रतिमन केलं. ज्या प्रसंगी तुम्ही जे कराल, तेच ते करतं. अशा दोन वस्त्या केल्या आणि दोन्हीत वीस वर्षं पळवली. जेवणाआधी आटोपलं."

"आधी चीन दाखवा."

"तिथे मोठी परीक्षा पास होईल तो अधिकारी. वरच्याने बापासारखं सांभाळायचं, खालच्यांनी मुकाट ऐकायचं."

पडद्यावर त्र्यंबकराव परीक्षेत पहिले आले आणि वीस वर्षं मुख्याधिकारी राहिले. पाणी वेळेवर येत होतं. वस्तीत चौदा क्लासेस निघाले होते, घरोघरी अपेक्षित प्रश्नसंच होते, आणि पंपवाले शिंत्रे सातव्यांदा नापास होऊन पुन्हा पाठांतराला बसले होते.

"उत्तम! हाच नमुना," त्र्यंबकराव उठलेच.

"आलोच आहोत तर दुसराही बघू," कुमुदताई म्हणाल्या.

"अथेन्समध्ये बहुतेक पदं चिठ्ठ्या टाकून देत," निलोफर सांगू लागल्या. "निर्णय भरसभेत. बायकांना आणि गुलामांना मत नव्हतं, तेवढं आपण गाळलंय."

"उपकार झाले," कुमुदताई म्हणाल्या.

इथे पंपाची चिठ्ठी भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला निघाली होती. पाणी दिवसाआड येत होतं. टाकीच्या रंगावर नऊ दिवस सभा चालली होती, आणि का कोण जाणे, लोक खुशीत दिसत होते.

"आता खापरमत. जो डोईजड वाटेल त्याचं नाव मडक्याच्या तुकड्यावर लिहायचं. ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त, तो दहा वर्षं गावाबाहेर. घरदार मात्र त्याचंच राहतं."

पहिल्याच वर्षी त्र्यंबकरावांच्या नावाच्या दोनशे अकरा खापऱ्या निघाल्या.

"यांच्यासाठी मी हाडाची काडं केली!" त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "कोणी कोणी लिहिलं, दाखवा मला."

खापऱ्या एकेक करून पडद्यावर आल्या. कुमुदताईंनी शेजारच्या पेटीवाल्याचं नाव लिहिलं होतं. त्र्यंबकरावांना जरा बरं वाटलं. मग एक खापरी आली, आणि तिच्यावरचा लफ्फेदार 'त्र्यं' वस्तीतल्या प्रत्येक फाइलवर होता.

"हे माझं अक्षर आहे. मी स्वतःला कशाला हाकलेन?"

कुमुदताई म्हणाल्या, "अहो, रोज झोपेत राजीनामा देता तुम्ही. 'माननीय महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत. सकाळी सांगायला जावं, तर तुम्ही फाइल उघडून बसलेले."

पडद्यावरचे त्र्यंबकराव गावाबाहेरच्या काचघरात वांगी लावत होते. शेजारी कुमुदताई झारी घेऊन उभ्या होत्या. दहा वर्षं सरल्यावर गावाचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी दार उघडलं नाही.

पाच वाजता सभा भरली. चीनच्या बाजूचं भाषण त्र्यंबकरावांच्या खिशात तयार होतं. ते खिशातच राहिलं. अथेन्सचं नाव पुकारलं आणि त्यांचा हात वर गेला. आपला हात इतका हलका असतो, हे ते विसरूनच गेले होते. मोजणीत अथेन्सला एकशे नव्वद हात निघाले.

सभा संपल्यावर ते हसतच निलोफरकडे आले. "काय डॉक्टर, चकित केलं की नाही?"

निलोफर यांनी सकाळीच छापलेला कागद पुढे केला. अथेन्स, एकशे नव्वद. खाली हात वर करणाऱ्यांची नावं होती, त्यांत उपासनीही होते.

"तुम्हाला हे सगळं दाखवल्यानंतरची सभासुद्धा चालवून पाहिली होती," त्या ओशाळून म्हणाल्या.

"मग ही सभा घेतलीत कशाला?"

"लोकांना हात वर करायला आवडतं, साहेब."