पहिल्या दिवशीचा शेवटचा सीन

निर्माती जिना चढून आली तेव्हा मास्तर खुर्चीत डुलकी काढत होते. खाजगी गुप्तहेराच्या धंद्यात पडण्याआधी त्यांनी बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. दोन्ही धंद्यांतून त्यांना एकच गोष्ट कळली होती. उत्तर बहुधा सोपं असतं, ते ऐकायला कुणी तयार नसतं. समोर त्यांचे जोडीदार कंपाउंडर पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसले होते. दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज कोडं हाती घेत आणि रोज अर्ध्यावर टाकून देत.

"चोरी झालीय," बाई म्हणाल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, केस घाईत बांधलेले, मांडीवर जाड कापडी पिशवी. "आमच्या सिनेमाचा शेवटचा सीन गेलाय. डिस्कसकट. शुक्रवारी सिनेमा वितरकाच्या हाती द्यायचाय."

"पुन्हा शूट करता येणार नाही?"

"त्यात आमचे बाबा आहेत. जन्मभर नट होते. शूटिंग संपलं आणि आठ दिवसांत गेले."

कंपाउंडरांनी पेपर खाली ठेवला.

"संशय कुणावर?" मास्तरांनी विचारलं.

"कुणावर घेऊ? एडिटिंगच्या खोलीच्या किल्ल्या तिघांकडे. मी, एडिटर आणि माझा धाकटा भाऊ. तोच दिग्दर्शक. पोलिसांत निघाला होता. म्हटलं, आधी घरातल्या घरात बघू. तुमचं नाव कुणीतरी सुचवलं. म्हणाले, मास्तर आता दमलेत, फार खोलात शिरत नाहीत."

"खरंय ते," मास्तर म्हणाले. त्यांना राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो. "दुसरी प्रत नव्हती?"

"ऑफिसात होती. आमच्याकडे डिस्कांना शूटिंगच्या दिवसाप्रमाणे नंबर असतात. ही एक नंबर. काल मी लावून बघितली, तर खराब झालेली."

"शेवटचा सीन, आणि नंबर एक?" कंपाउंडर गोंधळले.

"पहिल्या दिवशी घेतला ना तो. सिनेमात गोष्टीच्या क्रमाने काही होत नाही हो, जागेच्या सोयीने होतं. ते घर तेव्हाच मोकळं मिळत होतं."

एडिटिंगची खोली एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीला जाड पडदा, टेबलावर दोन स्क्रीन, कोपऱ्यात लोखंडी कपाट. कपाटात एकापासून अकरापर्यंत नंबर टाकलेले प्लॅस्टिकचे डबे ओळीने उभे होते. बाराव्याची जागा रिकामी होती.

एडिटर चाळिशीचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याच्याकडे बघून मास्तरांना स्वतःचीच कीव आल्यासारखं झालं.

"माझे नंबर गोष्टीच्या क्रमाने," एडिटर म्हणाला. "सिनेमाचे बारा भाग, बारा डबे. दिग्दर्शक सरांना तसंच लागतं. एक भाग कापून संपला की डब्याला चिकटपट्टी मारून ठेवतो. बारावा उद्या उघडणार होतो. अजून एकदाही लावला नव्हता."

मास्तर कपाटापाशी वाकले. दोनपासून अकरापर्यंतच्या पट्ट्या शाबूत होत्या. एक नंबरची मधोमध कापलेली होती. आत डिस्क जागच्या जागी होती.

"हा तुम्ही उघडलात?"

"मी कशाला उघडू? त्याचं काम संपून चार महिने झाले."

"चोर बिचारा पहिल्यापासून शोधायला लागला असेल," कंपाउंडर म्हणाले.

"मग दोन, तीन, चार का नाही उघडले?"

कंपाउंडरांनी खांदे उडवले. मग हळूच एडिटरला विचारलं, "एक सांगा, निर्माता आणि दिग्दर्शक यांच्यात फरक काय? मला तर दोघंही नुसते ओरडताना दिसतात."

एडिटरला पहिल्यांदाच हसू आलं. "सोपं आहे. शॉट झाला की सर विचारतात, बाबा रडले का? मॅडम विचारतात, बाबा जेवले का? कसं करायचं ते सर ठरवतात. कधी, कुठे आणि करायचं की नाही, ते मॅडम."

दिग्दर्शक आला तो तणतणतच. बहिणीकडे त्याने बघितलंही नाही.

"ताईला हा सीन नकोच होता. लांबतो म्हणे! बाबा पायऱ्या चढून येतात, खुर्चीत बसतात, बूट काढतात, बस्स. अकरा टेक घेतले मी. अकराव्याला बूट निघेचना. काय अभिनय होता! चार मिनिटं मी कट म्हटलंच नाही. मग दाराकडे बघून त्यांनी स्वतःचं एक वाक्य टाकलं. अगदी हळू. मी स्क्रीनवर चेहरा बघत होतो, नीट ऐकू आलं नाही. म्हटलं, एडिटला ऐकू."

"दारात कोण होतं?"

"ताई असेल. ती कायम दारात, हातात घड्याळ."

"मी चहाचं सांगून येते," निर्माती म्हणाली आणि पिशवी घेऊन उठली.

ती गेल्यावर मास्तरांनी विचारलं, "अवघड सीन पहिल्याच दिवशी का ठेवलात?"

"मी कुठे ठेवला! महिनाभर त्याच घरात होतो आम्ही. शेवटच्या दिवशी घेऊ म्हणून घसा सुकला माझा. ताई म्हणाली, दिवस ठरवणं माझं काम, तू त्यात पडू नकोस. आणि बाबा तर धडधाकट होते. इतके अचानक गेले की कुणाला कल्पनाच नव्हती."

स्क्रीनशेजारी त्या दिवसाचा एक फोटो चिकटवलेला होता. खुर्चीत बसलेले बाबा, पायांत काळे बूट. कंपाउंडरांनी चष्मा वर करून तो निरखला.

"धडधाकट कसले?" ते आपल्याच नादात म्हणाले. "घोटे बघा. मोजे रुतलेत नुसते. असे पाय घेऊन माणसं आमच्याकडे यायची. हृदय थकलं की पाणी पायांत उतरतं. एका दिवसात होत नाही हे."

दिग्दर्शक पुढे सरकला. फोटोकडे बघत राहिला.

चहा आला. मास्तरांनी सगळ्यांना बसवून घेतलं आणि आधी आपला कप संपवला. त्यांना हे शेवटचं बोलणं कधीच आवडलं नव्हतं. वर्गात उत्तर सांगितलं की मुलं निदान घरी तरी जात.

"चोराला हवा होता बारावा डबा," ते म्हणाले. "त्याने आधी उघडला पहिला, मधल्यांना हातही लावला नाही. म्हणजे तो शोधत नव्हता, त्याला नंबर माहीत होता. पण चुकीचा. पहिला लावून बघितल्यावर इथला क्रम त्याच्या लक्षात आला. एडिटर आणि दिग्दर्शक यांच्या डोक्यात हा सीन बारा नंबरवर आहे. त्यांचा हात झोपेतही बारावरच गेला असता. शेवटच्या सीनला एक नंबर फक्त निर्मितीच्या ऑफिसात आहे. आणि त्या ऑफिसातल्या एकाच माणसाकडे इथली किल्ली आहे."

"ताई?" दिग्दर्शक उभा राहिला. "पण तिनेच तर तुम्हाला आणलं!"

"तुम्ही पोलिसांत निघालात म्हणून. त्यापेक्षा दमलेला मास्तर बरा. प्रत खराब झाली हेही त्यांनीच बघितलं, दुसऱ्या कुणी नाही."

"सीन लांबतो म्हणून चोरी करेल ती?"

"लांबीचा प्रश्नच नाही. घर तेव्हाच मोकळं होतं, असं त्या मला म्हणाल्या. तुम्ही म्हणता, घर महिनाभर हाताशी होतं. मग घाई घराची नव्हती. घाई बाबांची होती. महिनाअखेर ते पायऱ्या चढू शकतील याची ज्या माणसाला खात्री नव्हती, त्याने शेवट आधी उरकून घेतला. ते वाक्य काय होतं मला ठाऊक नाही. पण ते दाराकडे बघून होतं, आणि उद्या तुम्ही ते ऐकणार होतात."

निर्मातीने पिशवी आणखी जवळ ओढली.

"डिस्क त्यांनी मोडली नसणार," मास्तर हळू म्हणाले. "सकाळपासून पिशवी मांडीवरून खाली ठेवलेली नाही. बाप आहे त्यांचा त्यात."

निर्मातीने पिशवीतून दोन डिस्क काढून टेबलावर ठेवल्या. एकीवर 'एक' हा आकडा होता, दुसरीवर 'बारा'.

"डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते," ती म्हणाली. "बाबांनी शपथ घातली. तुला कळलं असतं तर तू सिनेमाच बंद केला असतास."

"अकरा टेक, ताई!" दिग्दर्शकाचा आवाज फाटला. "अकरा वेळा चढवलं मी त्यांना! तू थांबवू शकत होतीस."

"हो. कट म्हणायचं काम तुझं, पण काम बंद करायचा हक्क माझा होता. तिसऱ्या टेकला मी पुढे झाले होते. बाबांनी मानेनं नको म्हटलं, आणि मी ऐकलं. वाटलं, हे मी एकटीनं सोसावं. तुला कळलं तर जन्मभर अकरा मोजत बसशील."

मग दिग्दर्शकानेच बारा नंबरची डिस्क उचलून एडिटरच्या हातात दिली.

स्क्रीनवर बाबा पायऱ्या चढून आले. खुर्चीत बसले. बूट निघाला नाही. त्यांनी तो नाद सोडला आणि दाराकडे बघितलं.

"सांगू नकोस गं त्याला," ते म्हणाले. "होऊ दे त्याच्या मनासारखं."

मग ते नुसतेच बसून राहिले. शेवटी कॅमेऱ्यामागून दिग्दर्शकाचा आवाज आला. "कट! झकास! चला, पुढची लेन्स लावा!" कॅमेरा कुणी बंद केला नव्हता. बाबांनी मान वर केली. "बरं झालं का रे?" त्यांनी विचारलं. लेन्सच्या धांदलीत उत्तर कुणीच दिलं नाही. बाईंचा आवाज तेवढा आला. "बाबा, आधी दोन घास खाऊन घ्या."

एडिटरने चित्र थांबवलं. बाबा अजून कॅमेऱ्याकडेच बघत होते.

मास्तरांनी कंपाउंडरांना खूण केली आणि दोघं उठले. दाराशी पोचतात तोच मागे दिग्दर्शक बोलला. बहिणीचा हात त्याने घट्ट धरला होता.

"बरं झालं, बाबा," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "फार बरं झालं."