सासूबाईंचे कान

“तुझे कान म्हणजे कपाचे कान आहेत का गं, नुसते धरायला लावलेले?” असं ओरडत सासूबाईंनी तो तडकलेला कप सुनेच्या पायाशी असा आपटला, की त्याची कपची उडून थेट भट्टीच्या दारापर्यंत गेली... आणि सून? ती खाली मान घालून एवढंच म्हणाली, “चुकलं माझं, आई.”

चुकलं तिचं काहीच नव्हतं!

पण ते कळायचं तर आधी सासूबाईंचे कान कळायला हवेत. घरामागेच त्यांचा कपबश्यांचा कारखाना. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप डाव्या हाताच्या बोटावर टांगायचा, लाकडी दांडीनं हलकेच टोलवायचा आणि ऐकायचं. धड असला तर नाद घंटेसारखा लांबत जातो. केसाएवढी चीर असली तरी कप मुका होतो, थड्! आणि सासूबाईंचे कान असे, की कारखान्यात मुंगीला शिंक आली तरी त्या विचारणार, “कोण गं आजारी?” शेजारीण तर शपथेवर सांगायची, की गल्लीच्या टोकाला फेरीवाल्याच्या टोपलीत तडकलेली बरणी आहे, हे या बाईनं घरात बसून ओळखलं होतं!

मुलगा ऐन तारुण्यात गेला, तेव्हा सगळे म्हणाले, सुनेला भावाकडे पाठवून द्या. सासूबाई उठल्या, ती लाकडी दांडी त्यांनी सुनेच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “रडायचं तेवढं रड, पण कप ऐकत ऐकत रड. तू कुठे जायची नाहीस.” त्या दांडीच्या आधारानंच सून जगली होती...

म्हणूनच, सासूबाईंच्या हातून पहिला मुका कप ‘खणखणीत’ म्हणून पुढे सरकला, तेव्हा सुनेच्या काळजाचं पाणी झालं. आधी बारीक नाद गेले, मग दारावरची घंटी, मग मागून मारलेली हाक... “पुटपुटू नकोस, तोंड उघडून बोल!” हे त्यांचं पालुपद झालं. सांगायचं कसं? जिचा सगळा मान त्या कानांत, तिला ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ म्हणायचं? जीभच रेटेना! मग सासूबाई जेवायला गेल्या, की सून त्यांनी पास केलेला माल चोरून पुन्हा टोलवायची आणि तडकलेले कप फुटक्यांच्या टोपलीत तळाशी दडवायची.

पण एकदा ती तापानं फणफणली, आणि नेमका त्या दिवसाचा, तिनं पुन्हा न टोलवलेला माल चहाच्या दुकानात गेला. उकळता चहा ओतताच कप उभा चिरला, दुकानदाराचा हात पोळला, आणि एका हातात तो कप घेऊन, पोळलेला हात नाचवत तो कारखान्याच्या दारात! सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला... ते सुनेला बघवेना.

“तो माल मी तपासला होता,” ती बोलून गेली. आणि मग तो कप तिच्या पायाशी आपटला!

“उद्याच्या उद्या भावाकडे जा!” सासूबाई कडाडल्या. “या टेबलाला पुन्हा हात लावायचा नाही!”

सून पिशवी भरत होती, तेवढ्यात नणंद येऊन थडकली. ती प्रयोगशाळेत उंदरांच्या कानांवर संशोधन करायची, सासूबाई जगाला सांगत, “आमची लेक उंदरांची डॉक्टर. गावातली मांजरं रुसलीत तिच्यावर!” तिनं सगळं ऐकून घेतलं.

“वहिनी, खोटं किती बोलशील? त्या दिवशी मी फोन केला तेव्हा तुला धड बसवत नव्हतं. माल कसला तपासतेस!”

सुनेनं डोळ्यांनीच विनवलं, नको ताई... पण नणंदेनं पाठमोऱ्या आईला हाक मारली. एकदा. पुन्हा. आई वळलीच नाही.

मग नणंदेनं शाई आणली. आईनं त्याच सकाळी पास केलेल्या कपांत तिनं ती ओतली आणि फडक्यानं पुसून काढली. पांढऱ्याशुभ्र कपात निळी रेघ उरली, केसासारखी... मग दुसऱ्यात... मग त्याच्या शेजारच्यात!

सासूबाईंनी तो कप कानाशी धरून टोलवला. परत टोलवला, जोरात. “खणखणीत आहे,” त्या म्हणाल्या. आणि मग अगदी लहान आवाजात, “मला तर खणखणीतच वाटतोय गं...”

नणंद समोर बसली, ओठ दिसतील अशी. “आई, कानाच्या आत शंखासारखं एक घर असतं. तिथे राखणदार पेशी असतात. तरुणपणी हातपाय पसरून फिरतात, कचरा उचलतात, डागडुजी करतात. म्हातारपणी त्या आखडतात, फुगतात, चिडखोर होतात. घराची राखण सोडून घरालाच त्रास देत असाव्यात. त्या बिघडतात म्हणून घर पडतं, की घर पडतं म्हणून त्या बिघडतात, हेही आम्हाला नीट कळलेलं नाही.”

सासूबाई सुनेच्या पिशवीकडे बघत म्हणाल्या, “अगदी माझ्यासारख्याच की गं त्या! घरच्याच माणसावर भुंकल्या...”

“आई, असं नका ना बोलू!” सुनेला हुंदका आवरेना.

“औषध?” त्यांनी लेकीला विचारलं.

लेकीचा बांध फुटला. “नाही गं आई! यंत्र लावलं तर बोलणं ऐकू येईल, पण कपाचा तो बारीक नाद परत आणायला... सगळं आयुष्य मी कानांतच घालवलं, आणि तुझ्यासाठी माझ्या हातात काही नाही!”

सासूबाईंनी दोघींचे डोळे पुसले, सुनेची पिशवी टेबलावर उलटी केली, आणि सुनेला समोर बसवलं. “मी टोलवते, तू ऐक. मी तुझ्या तोंडाकडे बघते.”

पहिला कप टोलवला. सुनेचा चेहरा उजळला. कप पुढे. दुसरा टोलवला... थड्! मेल्या सवयीनं सून तशीच हसली.

“चेहऱ्यानं खोटं बोलू नकोस गं,” सासूबाई म्हणाल्या. “तेवढं मला अजून ऐकू येतं.”

सुनेचं हसू गळून पडलं. “तडकलाय, आई.”

सासूबाईंनी कप टोपलीत टाकला. तो खळ्ळकन् फुटला. सून दचकली, नणंद दचकली... सासूबाई मात्र पुढचा कप बोटावर टांगून, शांतपणे सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.