शेजारचा ब्रेक

गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागली, तेव्हा मास्तरीणबाईंनी पहिला संशय घेतला तो दिरावर. तो घेण्यासारखाच होता. मास्तर गेल्यापासून त्याने एकच धोशा लावला होता, "वहिनी, जुनी गाडी म्हणजे पांढरा हत्ती. विकून टाका. कुठं जायचं असलं तर मी आहे ना!" आणि हा 'मी आहे ना' गरजेच्या वेळी कधीच मोकळा नसे. लेकीचे दिवस भरत आले होते. ती डोंगरापलीकडे राहायची. बाळंतपणाला वेळेवर पोचायचं तर बाईंना ही गाडीच हवी होती.

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली. बायकोलाही शिकवली, पण चालवू काही दिली नाही. त्या स्टिअरिंगला बसल्या की हे शेजारी, आणि शिकवणाऱ्यासाठी तिथे बसवलेल्या दुसऱ्या ब्रेकवर यांचा पाय. "दाबत नाही गं, नुसता ठेवलाय," म्हणायचे. नाक्यापुढे तर एकदाही जाऊ दिलं नाही.

आता त्या एकट्या जात. सवय व्हावी म्हणून नाक्यापलीकडे, रोज थोडं लांब. आणि जसजशा लांब जाऊ लागल्या, तसतसं ॲव्हरेज घसरत गेलं.

कुठेतरी पाणी मुरत होतं. त्यांनी टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली उशाखाली ठेवली. काटा उतरायचा तो उतरलाच. मग पंपवाल्यावर संशय आला, पंप बदलला. शेवटी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने फिल्टर बदलला, प्लग साफ केले, टायरची हवा तपासली, जॅकवर चढवून चाकं फिरवून पाहिली. स्वतः डोंगरापर्यंत जाऊन आला. ॲव्हरेज चोख!

"आता तुम्ही चालवा," तो म्हणाला आणि मागे बसला.

"पुढे बसा की."

"नको. ती सीट मास्तरांची."

परत आल्यावर त्याने चाकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"ब्रेक तापलेत. बाई, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून चालवता. पेट्रोल जळणार नाही तर काय?"

"मी? काहीतरीच काय! भाऊजींनी पढवलंय वाटतं तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इरेला पेटूनच निघाल्या. नाका ओलांडल्यावर सपाट रस्ता लागला. पाय ब्रेकपासून लांब आहे ना, हे त्यांनी खाली वाकून पाहिलं. मग शेजारी नजर गेली. दोन्ही ब्रेक एकाच सळीने जोडलेले, कुठलाही एक दाबला की दुसराही खाली जायचा.

तिकडचा बोटभर खाली होता.

त्या तशाच गॅरेजमध्ये आल्या. "तो शेजारचा ब्रेक काढून टाका."

मेकॅनिकने लगेच पाना उचलला. सळीसकट काढून दिला.

ॲव्हरेज परत आलं. बाईंना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी मनातल्या मनात दिराची माफीसुद्धा मागून टाकली. त्याच आठवड्यात भर दुपारी जावयाचा फोन आला. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. दीर म्हणाला, "उद्या सकाळी बघू ना, वहिनी." बाईंनी पिशवी उचलली आणि निघाल्या.

नाका आला आणि मागे पडला. गाडी सुसाट निघाली. बाई एकट्याच मोठ्याने हसल्या.

कट्.

दोन सीटच्या मधला हँडब्रेक एक दात वर आला होता.

खड्ड्याचा हिसका बसला असेल. पण रस्ता गुळगुळीत होता.

कट्.

गाडी जड झाली. जळका वास येऊ लागला.

"सोडा हो," बाई म्हणाल्या. "लेक वाट बघतेय."

कट्.

नजर रस्त्यावर ठेवून त्यांनी हँडब्रेक खाली करायला हात घातला.

मूठ कोमट होती.